इस्त्रीच्या टपरीतला बल्ब आणि फिल्मवरचं रात्रीचं पोर्ट्रेट

रात्री काढलेला माझा पहिला रोल धुऊन आला, तेव्हा ३६ पैकी जेमतेम पाच फ्रेमवर काहीतरी उमटलं होतं. बाकीची पट्टी काचेसारखी स्वच्छ. ४०० आयएसओचा रोल (हा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म कमी उजेडात चालते) भरून मी पुण्यातल्या पेठांच्या गल्ल्यांत हिंडलो होतो, दिसेल त्या अंधारात मित्राला उभं केलं होतं आणि ‘फिल्मवर रात्र भारी दिसते’ एवढ्या ऐकीव माहितीवर शटर दाबत सुटलो होतो. ज्या पाच फ्रेम आल्या, त्या सगळ्यांत मित्र कुठल्या ना कुठल्या दिव्याच्या अगदी अंगाशी होता. एकीत मेडिकलच्या काउंटरला टेकलेला, दुसरीत रसवंतीच्या बल्बखाली, असं काहीबाही. माझं कर्तृत्व शून्य.

तेव्हापासून मी एकच पद्धत धरून आहे. आधी दिवा शोधायचा, मग माणसाला त्याच्याजवळ न्यायचं आणि उरलेलं सगळं काळं होऊ द्यायचं. पुढे जे सांगतोय ते आमच्या सोसायटीच्या गेटाशी असलेल्या इस्त्रीवाल्या काकांच्या फोटोवरून सांगतो. तो फोटो साधा आहे, पण रात्रीच्या पोर्ट्रेटमध्ये जे जे करावं लागतं ते बहुतेक सगळं त्यात करावं लागलं.

१. दिवा हेरा

संध्याकाळी कॅमेरा न घेता एक चक्कर मारा. दिवे बघत फिरा, माणसं नकोत. पानटपरी, दूधडेअरीचा फ्रिज, रिक्षा स्टँडवरचा खांब, देवळाच्या ओवरीतली समई, एटीएमचं दार. प्रत्येक ठिकाणी आपला हात दिव्यासमोर धरून बघा. हाताची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी दिसली तर तो दिवा आपला. दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर तिथे उजेड चारी बाजूंनी येतोय, चेहरा सपाट येणार.

काकांच्या टपरीत जुना पिवळा १०० वॉटचा बल्ब आहे. हल्ली असे बल्ब दुर्मीळ झालेत. पत्र्याच्या कोनाखाली, वायरला लोंबकळणारा, काकांच्या डोक्याच्या जरा पुढे. कॅमेऱ्यासाठी हा छोटा दिवा मोठ्या हॅलोजनपेक्षा गुणी. का ते आकड्यांत बघा. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. काकांचा चेहरा बल्बपासून दोन फुटांवर आणि मागची भिंत आठ फुटांवर असेल, तर अंतर चौपट झालं आणि भिंतीवर उजेड सोळावा हिस्सा पोचला. म्हणजे चार स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फिल्मवर ती भिंत जवळजवळ काळी होते, मागे लटकवलेल्या साड्या आणि कॅलेंडर आपोआप विरघळतात. हाच हिशेब रस्त्यावरच्या खांबाला लावा. दिवा पंचवीस फूट उंच, माणसाला आणि त्याच्या मागच्या स्कूटरला उजेड तेवढाच. तिथे नाट्य कुठून येणार?

रस्त्यांचं सांगायचं तर आपल्याकडचे पिवळे सोडियमचे दिवे आता बरेचसे गेले. २०१५ पासून देशभर ते काढून एलईडी बसवायचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हचे दिवे पांढरे झाल्यावर केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. हळहळ मलाही वाटते, पण फोटोपुरतं बोलायचं तर सोडियम रंगीत फिल्मचा वैरीच होता. त्याच्या उजेडात नारिंगी सोडून बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, आणि जे नाही ते स्कॅनिंगमध्ये कितीही झटापट करून परत आणता येत नाही. अजून कुठे सोडियमचा खांब उरला असेल तर तिथे ब्लॅक अँड व्हाइट रोल वापरा.

२. रोल कोणता?

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मी इलफर्डचा एचपी५ प्लस वापरतो. मूळ ४०० चा. कॅमेऱ्यावर १६०० लावायचं आणि धुताना वेळ वाढवायचा, याला पुश करणं म्हणतात. कोडॅकचा ट्राय-एक्स याच कामाचा. इलफर्डच्या डेल्टा ३२०० च्या डबीवर ३२०० लिहिलेलं असलं तरी त्याचा खरा वेग, म्हणजे खरा आयएसओ, १००० च्या आसपास आहे. तो ३२०० ला वापरता येतो खरा, पण तो मुळातच पुश करायच्या बेताने बनवलेला आहे.

पुश करण्याबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. रोल पुश केला की अंधारातलं दिसायला लागतं, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. ज्या जागेवर उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपर, म्हणजे रोल धुवायचं केमिकल, काय डेव्हलप करणार? पुश केल्याने उजळ भाग आणखी उजळ होतो, मधले टोन वर सरकतात, ग्रेन (फोटोतला रवाळपणा) वाढतो आणि काळं होतं ते काळंच राहतं. थोडक्यात, कॉन्ट्रास्ट वाढतो. आपल्याला नाट्यमय उजेडच हवाय, त्यामुळे हा तोटा इथे पथ्यावर पडतो. फक्त चेहऱ्यावर पुरेसा उजेड हवा.

रंगीत रोलची गोष्ट निराळी. कोडॅक पोर्ट्रा ८०० दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला आहे. पिवळ्या बल्बखाली तो नारिंगी येतो, आणि त्या उजेडात निळा भाग फारच थोडा असल्याने फिल्मचा निळा थर उपाशी राहतो. सावल्या मळकट येतात त्या यामुळे. उपाय सोपा. ८०० चा रोल ४०० समजून वापरा, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड मिळेल.

सिनेस्टिल ८०० टी ही सिनेमाची फिल्म. कोडॅकच्या व्हिजन३ ५०० टी फिल्मवरचा मागचा काळा थर, म्हणजे रेमजेट, काढून ती बनवतात. ती बल्बच्या, म्हणजे साधारण ३२०० केल्विनच्या उजेडासाठी आहे. तिची गंमत अशी की बल्बखालचा चेहरा नैसर्गिक येतो आणि मागचा पांढऱ्या एलईडीचा रस्ता निळा पडतो. सिनेमातली रात्र जशी दिसते तशी. रेमजेट नसल्याने दिव्यांभोवती लालसर वलयं येतात. एखाद्या फोटोत ती छान दिसतात, प्रत्येक फोटोत आली की कंटाळा येतो.

इथे एक सावधगिरी. व्हिजन३ ची फिल्म सुटी भरून स्वस्तात विकणारे आपल्याकडे आहेत. तिच्यावर रेमजेट असेल तर ती नेहमीच्या कलर लॅबमध्ये न सांगता देऊ नका. तो काळा थर सुटून मशीनच्या केमिकलमध्ये जातो आणि लॅबवाल्याचं आणि इतर गिऱ्हाइकांच्या रोलचं नुकसान होतं. तिची प्रक्रिया वेगळी असते, ती करणारी लॅब आधी शोधा.

३. कॅमेरा

कुठलाही मॅन्युअल एसएलआर चालेल, ५० मिमी एफ/१.८ लेन्स पुरेशी आहे (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, मोठं). फक्त कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर अंधारात दिसतो का, ते घरी दिवा बंद करून बघा. पेंटॅक्स के१००० मध्ये मीटरचा काटा असतो, मागे उजेड नसेल तर तो दिसतच नाही. निकॉन एफएम२ मध्ये लाल दिवे आहेत, ते दिसतात. रोल अंधारात बदलायची वेळ येऊ देऊ नका, निघतानाच नवा भरा. आणि मेट्रोने जाणार असाल तर बॅग स्कॅनरमध्ये टाकताना ८०० आणि त्याच्या वरचे रोल खिशात किंवा पारदर्शक पिशवीत ठेवून हाताने तपासायची विनंती करा. स्कॅनरच्या एक्स-रेने फिल्म धुरकटते. एका फेरीने आभाळ कोसळत नाही, पण फेऱ्या साठत जातात.

४. उजेड मोजा, आणि चेहऱ्याचाच मोजा

बहुतेक रोल इथे वाया जातात. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळं जग करड्या रंगाचं करायची खोड असते. फ्रेममध्ये काळोख जास्त असेल तर तो म्हणतो, आणखी उजेड द्या, आणि चेहरा पांढराफटक होतो. फ्रेममध्ये बल्ब दिसत असेल तर तो घाबरतो, म्हणतो बास, आणि चेहरा काळा पडतो.

म्हणून असं करा. माणसाच्या इतकं जवळ जा की व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त उजळ गाल मावेल. रीडिंग घ्या, शटर आणि ॲपर्चर लावा, मागे या आणि मग मीटर काहीही म्हणो, हात लावू नका. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्यासाठी ते रीडिंग सहसा तसंच चालतं. गोरा चेहरा असेल तर अर्धा ते एक स्टॉप जास्त द्या.

माणसाच्या तोंडाशी कॅमेरा नेणं अवघड वाटत असेल तर स्वतःचा तळहात वापरा. त्याच दिव्याखाली, चेहऱ्यावर पडतो तसाच उजेड हातावर पडेल असा धरा, रीडिंग घ्या आणि एक स्टॉप जास्त द्या. तळहात बहुतेक सगळ्यांचे सारखेच उजळ असतात, मधल्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप वर. मोबाइलवरचं मीटरचं ॲपही चालतं, पण एकदा उजेडात कॅमेऱ्याच्या मीटरशी ताडून घ्या.

काकांच्या बल्बखाली १६०० आयएसओला मला १/६० आणि एफ/२.८ मिळालं. तोच फोटो ८०० च्या रोलवर काढायचा तर १/६० आणि एफ/२. ही जोडी डोक्यात ठेवलीत तर मीटर बंद पडला तरी घरगुती बल्बच्या दोन-तीन फुटांत काहीतरी हाती लागेल. आणि शंका आली तर जास्त द्या. निगेटिव्ह एक-दोन स्टॉप जास्त उजेड मुकाट्याने पोटात घालते, अर्धा स्टॉप कमी पडला की रडगाणं गाते.

सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजर देत असाल तर आणखी एक भानगड. फिल्म मंद उजेडात दमते. एचपी५ साठी मोजलेला वेळ १.३१ च्या घातात चढवायचा असतो, म्हणजे मीटर १० सेकंद म्हणाला तर खरे २० द्यायचे. माणसाच्या फोटोत इतका वेळ कोण हलल्याशिवाय बसतो म्हणा. ब्रासाय हा फोटोग्राफर १९३० च्या दशकात पॅरिसच्या रात्री टिपायचा तेव्हा तो एक्स्पोजर सिगारेटवर मोजायचा, उजेड कमी असला की लांब जळणारी सिगारेट. त्यात इमारती आणि ओले रस्ते होते, ते हलत नाहीत.

५. बल्ब डोक्यावर असेल तर डोळे कसे वाचवायचे

काकांच्या पहिल्या फोटोत मी डोळ्यांच्या जागी दोन खड्डे घेऊन परत आलो. वरून येणाऱ्या उजेडात भुवयांची सावली डोळ्यांत पडते, हे मला माहीत होतं. तरी विसरलो.

दुसऱ्या वेळी निरखून बघितलं. काका इस्त्री करताना खाली वाकतात, टेबलावर चादरीची घडी पसरलेली असते. त्या दिवशी त्यावर कोणाचा तरी पांढरा शर्ट होता. इस्त्री शर्टाच्या मध्यावर होती तेव्हा काकांच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांत मऊ उजेड चढलेला दिसला. शर्टच रिफ्लेक्टर झाला होता. इस्त्री बाजूला सरकून निळी पँट टेबलावर आली, आणि डोळे पुन्हा गेले. मग मी फक्त पांढऱ्या कपड्यांची वाट बघायला लागलो. “काका, आणखी पांढरे किती आहेत?” असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तीही फोटोत यायला हवी होती.

तुमच्याकडे शर्ट नसेल तर थर्माकोलचा तुकडा, वर्तमानपत्र, पांढरा टॉवेल, काहीही छातीच्या उंचीवर धरा. माणसाला सांगा की मान थोडी दिव्याकडे उचला. दिवा एका बाजूने आणि जरा वरून आला की पलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो. रेम्ब्रांच्या चित्रांवरून त्याला रेम्ब्रां लायटिंग म्हणतात. तो त्रिकोण दिसला की समजा, माणूस योग्य जागी आहे. मात्र रिफ्लेक्टरचा अतिरेक नको. अंधाऱ्या बाजूला उजळ बाजूपेक्षा तीन स्टॉप कमी उजेड राहिला तर फोटोत रात्र उरते. एकच स्टॉप कमी असेल तर तो पासपोर्टचा फोटो होतो.

धूर, वाफ, धुकं हे वातावरणाचं भांडवल. पण ते दिसतं कधी? दिवा धुराच्या मागे किंवा बाजूला असेल तेव्हा. समोरून उजेड टाकला तर धूर नुसता राखाडी पडदा होतो. काकांनी शर्टावर पाणी शिंपडून इस्त्री टेकवली की वाफेचा एक लोट येतो आणि बल्बसमोरून वर जाताना क्षणभर पेटल्यासारखा दिसतो. ती वेळ अर्धा सेकंदसुद्धा नसते. घरी करायचं असेल तर ऊद घाला. दोन-तीन खडे निखाऱ्यावर टाकले की खोलीभर पातळ पडदा तयार होतो, भाड्याने धुराचं मशीन आणायची गरज नाही. खिडक्या दोन मिनिटं बंद ठेवा, पंखा बंद, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर हा प्रयोग करू नका.

पावसाळ्यात तर रस्ताच रिफ्लेक्टर होतो. पाऊस थांबल्यावर पहिला अर्धा तास.

६. फोकस आणि शटर

एफ/१.८ ला दीड मीटरवरून ५० मिमीने काढलं तर जेमतेम दहा सेंटीमीटरची खोली फोकसमध्ये येते. चेहरा तिरका असेल तर जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा पुसट. म्हणून दिव्याने परवानगी दिली तर एफ/२.८ वर या. फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर, आणि डोळा अंधारात असेल तर चष्म्याच्या काडीवर किंवा कॉलरच्या कडेवर. काहीच दिसत नसेल तर माणसाला मोबाइलचा टॉर्च गालाशी धरायला सांगा, फोकस करा, टॉर्च बंद. मग ना तुम्ही हलायचं ना त्यांनी.

हातात धरून १/६० पर्यंत जा. १/३० ला कोपर पोटाशी, पाठ भिंतीला, श्वास सोडताना दाबा. १/१५ ला ट्रायपॉड, आणि समोरच्यालाही खांब किंवा दाराच्या चौकटीला टेकवा, कारण त्या वेगाला माणूस स्वतःच हलतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली १/१०० पेक्षा जलद शटर वापरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते, आणि जलद शटरमध्ये फ्रेमवर पट्टे येतात. स्वस्तातले एलईडीही तोच खेळ करतात.

७. दिवा नसेलच तर

एक जुना फ्लॅश आणि लांब केबल. फ्लॅश कॅमेऱ्यावर लावलात तर रात्रीचा फोटो लग्नाच्या अल्बमसारखा दिसेल, त्यामुळे तो मित्राच्या हातात द्या. बाजूने, डोक्याच्या जरा वर. काळ्या कार्डशीटची नळी करून फ्लॅशच्या तोंडाला गुंडाळा, म्हणजे उजेड चेहऱ्यापुरता पडेल.

हिशेब असा. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, १०० आयएसओला २८ असेल तर ४०० ला तो दुप्पट, ५६. ताकद १/१६ वर आणली की चौथा हिस्सा, १४. दोन मीटरवर धरला तर १४ ला २ ने भागून एफ/७. म्हणजे एफ/५.६ लावा आणि थोडा जास्त उजेड खुशाल घ्या. मागचा रस्ताही थोडा दिसायला हवा असेल तर शटर १/८ किंवा १/१५ ला न्या. फ्लॅश चेहरा गोठवतो, मागचे गाड्यांचे दिवे हळूच सांडतात. फ्लॅशच्या उजेडाला शटर स्पीडने फरक पडत नाही, मात्र कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या, वर जाऊ नका. नाहीतर अर्धी फ्रेम काळी.

८. माणसाशी बोला

हे आधी यायला हवं होतं. रात्री कोणाच्या तोंडावर अचानक कॅमेरा धरू नका. आधी विचारा, दोन मिनिटं गप्पा मारा, चहा घ्या. एकट्या बाईला रस्त्यात थांबवून फोटो मागायच्या भानगडीत पडू नका, ओळखीच्या कोणाला तरी सोबत आणा. ट्रायपॉड लावून बसलात की पोलीस विचारतात, नीट उत्तर द्या. रेल्वेच्या आवारात परवानगीशिवाय नकोच.

एका दिव्याखाली चार-पाच फ्रेम पुरतात. एक मीटरप्रमाणे, एक एक स्टॉप जास्त, बाकी चेहरा बघून. आजकाल रंगीत रोलचा एकेक क्लिक चहा-वडापावाच्या भावात पडतो, ते मनात असलेलं बरं. प्रत्येक फ्रेमचा शटर आणि ॲपर्चर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. रोल धुऊन येईपर्यंत तुम्ही सगळं विसरलेले असता.

९. धुणं, स्कॅन, प्रिंट

घरी धुणाऱ्यांसाठी: एचपी५, १६०० वर, आयडी-११ डेव्हलपरच्या स्टॉकमध्ये (म्हणजे जास्तीचं पाणी न घालता) २० अंशांना १४ मिनिटं. दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंद टाकी हलवा. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी २० अंशांच्या आसपाससुद्धा नसतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकून बाटल्या अर्धा तास बुडवून ठेवा. लॅबला देत असाल तर डबीवर मार्करने ठळक ‘१६०० वर वापरलाय, दोन स्टॉप पुश’ असं लिहा. तोंडी सांगितलेलं काउंटरवरच राहतं.

निगेटिव्ह आली की स्कॅन बघायच्या आधी ती खिडकीसमोर धरा. चेहऱ्याच्या जागी गडद, भरलेला ठसा हवा आणि भोवतीचा अंधार पारदर्शक. तसं असेल तर तुमचं काम झालं, पुढे काही बिघडलं तर ते स्कॅनरचं. आणि बिघडतं. माझ्या एका रोलचं स्कॅन लॅबच्या मशीनने आपणहून उजळ केलं, रात्र धुरकट करडी झाली, ग्रेन वाळूसारखा उसळला. मी आठवडाभर मीटरला दोष देत बसलो होतो. आता रोल देतानाच सांगतो: काळं आहे ते काळंच ठेवा, ऑटो करेक्शन बंद.

काकांच्या फोटोचं मी मॅट कागदावर प्रिंट काढलं, कारण चकचकीत कागदावरच्या काळ्यात ट्यूबलाइट आणि बोटांचे ठसेच आधी दिसतात. प्रिंट त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावला, बल्बखाली धरून बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, “हा शर्ट बी विंगमधल्या साहेबांचा. कॉलरला बघा, तेव्हाच फाटला होता, आणि ते म्हणतात मी फाडला.”